मुलोंगाच्या गळ्याचा भोपळा

जत्रा पुनवेची, आणि आभाळात अजून चंद्राची नखाएवढी कोरसुद्धा दिसली नव्हती. तरी आमच्या वाडीतल्या बायकांचे पाय जमिनीवर ठरत नव्हते. यंदा माझी नणंद बुंबा उभी राहणार होती.

उभं राहणं म्हणजे काय, ते काफुए नदीच्या काठच्या कुठल्याही बाईला विचारा. जत्रेला नदीकाठच्या साऱ्या वाड्यांची गुरं धूळ उडवत धावत येतात, पुरुष भाले नाचवत त्यांच्यापुढं पळतात, आणि मग मध्येच गर्दी फाकते. एक बाई एकटी पुढं येते आणि स्वतः रचलेलं गाणं म्हणते. दुसरीचं गाणं चालत नाही. आईचंसुद्धा चालत नाही. ते गाणं तिचं, जन्मभराचं. ती गेली की लोक तिला त्या गाण्यानं आठवतात. कितीतरी बायकांचं गाणं ओठापर्यंत येतं आणि तिथंच म्हातारं होतं.

बुंबाचं गाणं मुलोंगावर होतं. मुलोंगा तिचा बैल. माझ्या सासऱ्यांनी जाताना ते वासरू लेकीच्या नावानं दिलं, आणि ते वाढलं तिच्या भावाच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या कळपात. आमच्याकडं असा एक बैल माणसाच्या जिवाचा असतो. त्याला औत नाही, गाडी नाही, विकणं तर नाहीच. त्यानं देखणं राहायचं, गळ्यातली घंटा वाजवत चालायचं आणि गाणं ऐकायचं. धनी गेला की मात्र त्याच बैलाच्या कातड्यात गुंडाळून धन्याला मातीत ठेवतात. जन्मभर सोबत चाललेला तिथंही सोबत जातो.

मुलोंगा म्हणजे नदी. नाव शोभायचं त्याला. पुराच्या पाण्यासारखा तांबूस रंग, पोटाखाली पांढरा फेस, आणि शिंगं अशी की त्यांच्यामध्ये उगवता सूर्य मावावा.

दुपारचा भाकरतुकडा आटोपला, म्हणजे मक्याच्या पिठाचा गोळा आणि आंबट दूध पोटात गेलं, की आम्ही उंबराखाली जमायचो. गाणं एकटीनं रचायचं असलं तरी घासायला चारचौघी लागतात. त्या चौघींच्या वर म्हातारी चेलोची आई. तिचा चेलो आता स्वतः आजोबा झालाय, पण ती अजून चेलोची आईच. तिनं मान डोलावली नाही तर गाणं जत्रेला जात नाही.

"वहिनी, ताल चुकतेस तू," बुंबा मला म्हणायची.

"मी चुकत नाही, तू पळतेस. जत्रेत बैलानं धावायचंय, तू नव्हे."

"माझा बैल माझ्यामागंच धावणार. तुझा नवरा धावतो का तुझ्यामागं?"

"धावतो की. जेवायच्या वेळी."

चेलोची आई तंबाखू थुंकून म्हणायची, "झालं का दोघींचं? म्हण गं पोरी, पहिल्यापासून."

आणि बुंबा डोळे मिटून सूर लावायची:

*माझ्या मुलोंगाच्या गळा*
*दुधाभरला भोपळा;*
*सांज होता हलतो गं*
*चंद्र जसा पाण्यातला.*

*भाऊ कापी पाण्याकाठी*
*हिरवी गं ओली जुडी;*
*त्याच्या हातच्या घासाची*
*मुलोंगाला अशी गोडी.*

हा भोपळा बुंबानं महिन्यापूर्वी पाहिला होता. पूर ओसरला की आमचे पुरुष गुरं घेऊन पाणथळात उतरतात, लव्हाळ्याची खोपटी बांधतात आणि पावसाळा तोंडावर येईपर्यंत तिथंच राहतात. बुंबा भावाला पीठ द्यायला तळावर गेली, तेव्हा संध्याकाळी पाण्यावरून परतणाऱ्या मुलोंगाच्या जबड्याखाली तिला काहीतरी गोल, भरलेलं, डुलताना दिसलं. एरवी बैलाची पोळी, म्हणजे गळ्याची सैल कातडी, मानेखाली लोंबते, ही तर थेट हनुवटीपासून भरून आली होती. तिला वाटलं, बैल ऐन तारुण्यात आला. वाटेत येता येताच कडवं जुळलं.

कडवं इतकं गोड होतं की ते बुंबाच्या आधी पाणथळात पोचलं. कुणी गुराख्यानं उंबराखालून जाताना ऐकलं असेल. मग बातमी यायला लागली, अमक्या तळावर तमका आपल्या बैलालाही पाण्याकाठचं ओलं गवत हातानं चारतोय, आणि तमका आपल्या बैलाचा गळा चाचपून बघतोय, भोपळा धरला का. बुंबा ऐकायची आणि गालात हसायची. उभं राहण्याआधीच गाणं चालायला लागलं, याहून सुख ते काय.

चेलोच्या आईची मान मात्र पहिल्या कडव्यावर अडून बसली होती.

"भोपळा मी पाहिलेला नाही," ती म्हणाली.

"आजी, मी पाहिलाय की."

"तू गाणारी. गाणाऱ्या बाईला आपला बैल हत्तीएवढा दिसतो. मी हात लावल्याशिवाय हुंकार भरत नाही. शिंगावर गाणं केलंस तर शिंगाला हात लावीन, शेपटीवर केलंस तर शेपटीला."

"लाथ मारेल तो."

"मारू दे. माझ्या नवऱ्यानं कमी मारल्या नाहीत."

म्हणून आम्ही तिघी निघालो. अर्धी वाट पायी, अर्धी होडीतून. चेलोची आई होडीच्या नाकाशी बसून वल्हं मारणाऱ्याला शिकवत होती. दोन्ही बाजूंनी लव्हाळं, मधेच बगळ्यांचा थवा उठायचा, आणि लांब हरणांचा कळप पाण्यातून उड्या मारत जायचा तेव्हा वाटायचं, पाणीच पळत चाललंय. बुंबाचा जीव होडीत नव्हता. ती पुटपुटत होती, हाताच्या बोटांवर मात्रा मोजत होती.

तळावर पोचलो तेव्हा ऊन उतरणीला लागलं होतं. शेणाच्या गोवऱ्यांचा धूर सगळीकडं, आणि त्या धुरात माझा नवरा मुचिंदू दोन्ही हातांनी बैलाच्या अंगाला लोणी चोळत उभा. शेजारी पाणी निथळणारी हिरव्या गवताची जुडी.

"आली का ट्वांबोची आई," तो मला म्हणाला. ट्वांबो आमची थोरली. "सांग तुझ्या नणंदेला, बैल लोण्यानं चमकतोय आणि माझ्या टाचांना भेगा पडल्यात."

"तुम्हाला शिंगं फुटली की तुम्हालाही चोळीन."

"दादा," बुंबा मध्ये पडली, "आजी भोपळा बघायला आलीय."

मुचिंदू फुलला. "बघा की. आता तर आणखी भरलाय. बाकीची गुरं उंचावर चरतात, पण याला मी तिथं पाठवत नाही. कमरेएवढ्या पाण्यात उतरतो, सुसर बघत नाही की जळू, आणि पार तळ्याच्या काठचं कोवळं कापून आणतो. हातानं घास देतो, हातानं."

मुलोंगानं आम्हाला पाहून मान हलवली. घंटा वाजली आणि गळ्याखालचा भोपळा डुलला. खरंच चंद्र पाण्यात हलावा तसा. माझ्याही अंगावर काटा आला.

चेलोची आई काठी टेकत पुढं गेली. तिनं शिंगांकडं पाहिलंच नाही. डाव्या हातानं जबडा धरला आणि उजव्या हाताचा अंगठा भोपळ्यात दाबला, कणीक मळताना बघतात तसा. मग अंगठा काढला.

खड्डा तसाच राहिला.

आम्ही त्या खड्ड्याकडं बघत राहिलो. तो भरून यायचं नाव घेईना. म्हातारीनं पुन्हा दाबलं, दुसरा खड्डा पडला. मग तिनं लोण्यानं चोपडलेल्या पाठीवरून उलटा हात फिरवला, तर लोण्याखालून राठ, मेलेले केस निघून तिच्या तळहाताला चिकटले. फासळ्या बोटांखाली एकेक लागत होत्या.

"हे दूध नाही गं," ती हळू म्हणाली. "हे पाणी आहे. काळीज सडायला लागलं की गळ्यात पाणी उतरतं. मोठ्या पुराच्या साली माझ्या सासऱ्यांचा अर्धा कळप असाच गेला. हडकलेल्या गाईला असा गळा आला की तू लांबून ओळखलं असतंस, मुचिंदू."

"ही गाय नाही," मुचिंदू म्हणाला. "हा मुलोंगा आहे."

"तेच तर. मुलोंगा आहे म्हणून कुणाला दिसलं नाही."

 बुंबानं माझ्या कमरेचा फोन ओढून घेतला आणि जवळच्या वारुळावर चढायला लागली. पाणथळात फोन लागतो तो फक्त वारुळाच्या टोकावर. वरून तिचा आवाज खाली येत होता, "ल्वेंडोताई, मुलोंगा, हो, माझा, गळ्यात पाणी, आत्ताच्या आत्ता निघा," आणि मग, "रस्ता नाही ते मलाही माहीत आहे. निघा."

ल्वेंडो आमच्या भागातली गुरांची डॉक्टर. बुंबाच्याच शाळेत पुढच्या वर्गात होती. सकाळी ऊन चढायच्या आत तिची फटफटी तळाच्या अलीकडं चिखलात रुतल्याचा आवाज आला, आणि मागून ती स्वतः आली, गुडघ्यापर्यंत काळी, डोक्यावर पेटी.

"तुझ्या बैलापायी माझी गाडी सुसरीला दिली," ती बुंबाला म्हणाली, आणि आणखी काही न बोलता बैलाच्या डोळ्याची खालची पापणी ओढली. आतून लाल दिसायला हवी. कच्च्या भोपळ्याच्या गरासारखी पांढरीफटक होती. तिनं शेण बघितलं, फासळ्या चाचपल्या, गळ्यात आपलाही अंगठा रुतवून पाहिला.

"पानकिडे," ती म्हणाली. "काळजात, म्हणजे यकृतात बसतात. लिंबाच्या पानाएवढे, चपटे. रक्त पितात. बैल आतून रिकामा होत जातो आणि गळा भरत जातो. बुंबा, हा बैल आज उभा आहे तो हट्टानं. जत्रेपर्यंत थांबली असतीस तर जत्रेत आडवा झाला असता."

"आणि आता?"

"आता औषध आहे. वाचेल असं मी म्हणते. धावेल असं म्हणत नाही."

मुचिंदूनं विचारलं, "पण बाकीच्या गुरांना का नाही? एकाच पाण्यावर आहेत सगळी. त्याला तर मी सगळ्यात चांगलं..." आणि त्याचं वाक्य तिथंच तुटलं, कारण ल्वेंडोची नजर त्या हिरव्या जुडीवर गेली होती.

तिनं जुडीतली एक काडी उपसली, बुडाकडून उलटी करून उन्हात धरली. बुडाशी चिकटलेली नखाएवढी गोगलगाय तिनं काढून मुचिंदूच्या तळहातावर ठेवली.

"या किड्यांची अंडी शेणातून पाण्यात जातात," ती म्हणाली. तिचा आवाज मऊ झाला होता. "पाण्यात हिच्या पोटात वाढतात. मग बाहेर पडून ओल्या गवताच्या बुडाला चिकटून बसतात, खसखशीहून बारीक. उंचावरच्या कोरड्या गवतावर जवळजवळ नसतात. असतात ते इथं, पार काठाला. बाकीच्या गुरांनाही लागण असणारच, सगळ्यांनाच औषध पाजू. पण तुम्ही याच्यासाठी निवडून आणलंत, मुचिंदूदादा."

मुचिंदू तळहातावरच्या गोगलगाईकडं बघत राहिला. माझा नवरा बोलका माणूस.  "मी हातानं चारलं," एवढंच तो म्हणाला.

बुंबा त्याच्याकडं बघू शकली नाही. दुसरं कडवं तिच्या तोंडून साऱ्या पाणथळात गेलं होतं.

ल्वेंडोनं पेटी उघडली. "दोन औषधं असतात. एक मोठ्या किड्यांना मारतं, पिल्लांना सोडतं. हे पिल्लांनाही सोडत नाही. पण हे वजनावर द्यायचं." आणि तिनं पिवळी फीत काढली. "छातीभोवती फिरवायची. घेराच्या आकड्याशेजारी वजन छापलेलं आहे."

ती फीत घेऊन बैलाकडं एक पाऊल गेली असेल-नसेल, मुचिंदू मध्ये आडवा आला.

"नाही."

"काय नाही?"

"मुलोंगाच्या छातीला दोर लागणार नाही."

ल्वेंडो शिकलेली खरी, पण जन्म आमच्यातलाच. ती जागच्या जागी थांबली. आमच्या वाडीत जिवाच्या बैलाच्या छातीभोवती दोर एकदाच फिरतो. धनी गेल्यावर, कातडं पुरेल का ते बघायला. दोर आधी फिरवणं म्हणजे धन्याला बोलावणं. आणि मुलोंगाची धनीण बुंबा.

"ही फीत आहे, दोर नाही," ल्वेंडोनं एकदा बोलून पाहिलं.

"वळसा तो वळसाच," चेलोची आई म्हणाली.

"मग अंदाजानं द्या," मुचिंदू म्हणाला. "तुमचा अंदाज काय थोडा आहे?"

"अंदाजानं कमी पडलं तर किडे मरत नाहीत, नुसते शहाणे होतात. मग पुढच्या खेपेला औषध पाण्यासारखं पितात. आणि जास्त झालं तर अशा अर्धमेल्या काळजाला झेपेल का, मला सांगता येत नाही. आज मी चुकले तर परत चुकायला बैल उरणार नाही."

"दादा, मी म्हणते मापू दे," बुंबा म्हणाली.

"तू म्हणशील गं. तू गेल्यावर मी काय म्हणू? एक घास चारून बसलोय. आता हा वळसाही माझ्याच डोळ्यांदेखत?"

 गुराख्यांनी आपापल्या काठ्या जमिनीत रोवून माना खाली घातल्या. ल्वेंडो फीत बोटाला गुंडाळत होती, सोडत होती. मुलोंगा या पायावरून त्या पायावर भार टाकत उभा होता आणि दर वेळी तो भोपळा डुलत होता.

बुंबा त्याच्याजवळ गेली. गळ्यात पडायला गेली असं मला वाटलं. तिनं एक हात त्याच्या खांद्यावरून पलीकडं टाकला, दुसरा पुढच्या पायांमागून पोटाखालून घातला आणि गाल त्याच्या फासळ्यांना चिकटवून त्याला घट्ट कवेत घेतलं. लहानपणापासून ती तशीच घेते. वासरू होता तेव्हा कवेत मावायचा.

आणि मग त्या फासळ्यांत तोंड खुपसलेल्या आवाजात ती म्हणाली, "वहिनी, पलीकडून बघ. माझी बोटं कुठं पोचली?"

मी पलीकडं धावले. वरून आलेली बोटं आणि खालून आलेली बोटं यांच्यात थोडी जागा उरली होती.

"पोचत नाहीत गं. एवढं उरलंय."

"तुझा हात लाव तिथं."

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. मी माझा हात कोपरापासून मनगटापर्यंत त्या रिकाम्या जागेत बसवला. नेमका बसला. वर तिची बोटं माझ्या कोपराला टेकली, खाली मनगटाला.

चेलोची आई खुदकन हसली. "मुचिंदू, कवेला कोण दोर म्हणतं का रे? कवेनं माणसं मरायला लागली तर पोरं व्हायचीच नाहीत."

गुराख्यांत हशा पिकला. मुचिंदूही नको नको म्हणत हसला, आणि हसता हसता त्याचे डोळे भरून आले. "कवेला ना नाही," तो म्हणाला.

मग काय धांदल उडाली! बुंबा जमिनीवर उताणी पडून हात पसरते आहे, मी तिच्या बोटांना कोपर टेकवून आडवी, आणि ल्वेंडो आमच्यावरून रांगत फीत लावतेय.

"हलू नका. बुंबा, श्वास धर."

"वजन बैलाचं आहे की माझं?"

"तुझं मापलं तर औषध संपेल."

"ताई, हे लिहिणार कसं?" मी विचारलं.

"एक अख्खी बुंबा आणि वहिनीचा अर्धा हात. कव थोडी सैल असते, तेवढं वजा." तिनं पुन्हा एकदा मापून घेतलं, दोन्ही वेळा जुळलं, मगच बाटलीत औषध काढलं.

पाजताना बैलाचं तोंड मुचिंदूनं धरलं. ते काम त्यानं कुणाला दिलं नाही. "आभाळाकडं करू नका," ल्वेंडो सांगत होती, "घशातून फुप्फुसात जाईल. नाक डोळ्यांच्या वर जाऊ द्यायचं नाही. गालफडातून, हळू." मुलोंगानं पहिला घोट बाहेर काढायला जीभ वळवली, तशी बुंबानं त्याच्या कानाशी गाणं धरलं. शब्द नव्हते, नुसता सूर. त्यानं कान तिच्याकडं फिरवला आणि गिळलं. पुन्हा गिळलं. थेंब सांडला नाही.

नंतर साऱ्या कळपाला पाजलं. दुभत्या गाईंना ल्वेंडोनं दुसरं औषध दिलं आणि त्यांचं दूध इतके दिवस कुणी प्यायचं नाही म्हणून तोंडपाठ करून घेतलं. तळ काठावरून उचलायचा, पाणी विहिरीचं ओढून पाजायचं, महिन्या-दोन महिन्यांनी शेण पुन्हा तपासायचं. गुराखी ऐकत होते, मान हलवत होते. पण ल्वेंडो निघताना बुंबाला बाजूला घेऊन म्हणाली, "या तळानं ऐकलं. पलीकडचे तुझं गाणं ऐकून अजून ओलंच चारतायत. मी एकटी फटफटीवर कुठं कुठं पोचू? आणि ती तरी चिखलातून निघाली तर."

 बुंबा परत उंबराखाली आली तेव्हा म्हणाली, "माझं गाणं गेलं, वहिनी. पहिलं कडवंही गेलं, दुसरंही. आता मी उभी कशावर राहू?"

"यंदा नको राहूस. पुढच्या वर्षी."

"आणि तोवर ते जुनं हिंडत राहू दे?"

चेलोची आई तंबाखू मळत होती. तिनं नुसतं विचारलं, "बोट रुतलं तेव्हा तुला काय झालं गं पोरी? ते म्हण."

त्यानंतर चंद्र रोज थोडा मोठा होत गेला आणि आम्ही दोन टोकांना दोन कामं धरली. उंबराखाली बुंबा शब्द मोडत होती, जोडत होती. आणि मी वाडीतला मक्याचा वाळला कडबा होडीत भरून तळावर पाठवत होते. होडीवाला परत आला की बायका त्याला उतरू द्यायच्या नाहीत.

"खातोय का?"

"नाक मुरडतो. मुचिंदूच्या हातचं असेल तर खातो."

"भोपळा?"

"सकाळी कमी असतो."

मग एके दिवशी, "संध्याकाळीही कमी." मग, "पापणी गुलाबी झालीय म्हणतात." आणि चंद्र भरायला आला तेव्हा होडीवाला लांबूनच ओरडत आला, "घंटा वाजवली आज, स्वतःहून!" बुंबानं त्याला मिठीच मारली. बिचारा वल्ह्यासकट पाण्यात पडला.

जत्रेचा दिवस. ढोल पहाटेपासूनच. एकेक वाडीची गुरं येत होती, जमीन थरथरत होती, पुरुष भाले उंचावून धूळ अंगावर घेत पळत होते. आमच्या वाडीची पाळी आली, कळप धावत गेला, आणि धूळ खाली बसली तेव्हा सगळ्यांत मागून मुलोंगा आला. चालत.

अंगाला लोणी नव्हतं. मुचिंदूनं लावलं नव्हतं. "आहे तसा दिसू दे," म्हणाला होता. फासळ्या दिसत होत्या, आणि गळा मोकळा, पोळी सैल, झिरझिरीत, वाऱ्यावर हलणारी. गर्दीत कुजबुज उठली. हाच का तो? भोपळा कुठंय? पलीकडच्या तळावरचे गुराखी तर मुद्दाम भोपळा बघायला पुढं येऊन बसले होते.

बुंबा पुढं झाली. मी तिच्या मागं, हुंकाराला.  तिनं जुनंच कडवं आधी म्हटलं, भोपळ्याचं, आणि सारी जत्रा तिच्याबरोबर म्हणायला लागली. तेवढ्यात तिनं हात वर केला. आवाज थांबले. तिनं एकटीनं सूर धरला:

*काय गायले मी बाई,*
*दुखण्याला म्हणे सोनं;*
*बोट रुतलं गळ्यात*
*तेव्हा उघडलं मन.*

आणि हे म्हणत तिनं मुलोंगाच्या रित्या गळ्यात अंगठा दाबून सगळ्यांना दाखवला. खड्डा पडला नाही. समोर बसलेल्या एका गुराख्याचा हात नकळत आपल्या हनुवटीखाली गेला. दुसरा उठून आपल्या कळपाकडं चालायला लागला. ल्वेंडो गर्दीच्या कडेला पेटीवर उभी होती, तिनं त्याला जाताना पाहिलं आणि तीही पेटी उचलून त्याच्यामागं निघाली.

पुढचं कडवं मी कधी ऐकलं नव्हतं. उंबराखाली तिनं ते कुणाला म्हणून दाखवलं नव्हतं. चेलोच्या आईलासुद्धा नाही. बुंबा गर्दीत भावाला शोधत होती. मुचिंदू पार मागं, कुणाच्या तरी खांद्याआड उभा होता. त्या दिवसापासून बहीण-भावात गवताचा विषय निघाला नव्हता.

*भावा, नको पाणकाठ,*
*नको ती हिरवी जुडी;*
*वाळलेल्याही घासाला*
*तुझ्या हाताची रे गोडी.*

हुंकार भरायला मी तोंड उघडलं, पण माझ्याआधी चेलोच्या आईचा हुंकार आला, चांगला खणखणीत, आणि मग चारी बाजूंनी आला. लोकांनी वाट करून दिली. मुचिंदू पुढं आला तो खाली बघतच. काखेत कडब्याची पेंढी होती. तळावरून निघताना बैल वाटेत खाईल म्हणून त्यानंच घेतली होती. मुठीएवढा घास मोडून त्यानं हात पुढं केला आणि तिथंच थांबला.

बुंबा त्याच्याजवळ गेली नाही. तिनं सूर पुन्हा धरला, थोडा चढा, धावण्याच्या तालावर. मुलोंगाचे कान उभे राहिले. त्यानं एकदा तिच्याकडं पाहिलं, एकदा त्या हाताकडं. मग घंटा वाजली. दोन पावलं चालीची, तिसरं दुडकीचं, आणि पुनवेच्या जत्रेत, साऱ्या काफुएकाठासमोर, आमचा हडकलेला मुलोंगा माझ्या नवऱ्याच्या मुठीतल्या वाळल्या घासाकडं धावत सुटला.